अहं गेला की अहो गेले?

"मॅडम, सगळं करून पाहिलं, पण अहंकार काही जात नाही."

साताऱ्यात समुपदेशनाला बसून हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. पूर्वी ते निवृत्त मंडळींच्या तोंडी असायचं. सज्जनगड इथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, गोंदवलं याच जिल्ह्यातलं. त्यामुळे ज्या घरात दासबोध नाही की जपाची माळ नाही, असं घर माझ्याकडे क्वचितच येतं. हल्ली तिशीतली मुलंही येतात. त्यांनी मोबाईलवर प्रवचनं ऐकलेली असतात, दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेलं असतं, आणि ती अहंकाराला ‘इगो’ म्हणतात. तक्रार मात्र तीच. साधना चालू आहे, मध्ये एकदा काहीतरी विलक्षण अनुभवही आला, पण घरात कुणी उलट बोललं की डोकं फिरतंच. मग इतक्या वर्षांचं सगळं पाण्यातच गेलं का?

गेल्या महिन्याभरात चौघांनी हे विचारलं, म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. धंदा तेवढा तोच ठेवलाय, कारण त्याशिवाय ही गोष्ट सांगताच येणार नाही.

वय सेहेचाळीस. मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पिकअपमध्ये टाकून यांच्याकडे आणतात. ते स्वतः आलेच नव्हते, बायकोनं आणलं होतं. ते खुर्चीत शांत, किंचित हसऱ्या चेहऱ्यानं बसले. मी विचारलं, "काय त्रास होतोय तुम्हाला?"

ते म्हणाले, "या देहाला काही त्रास नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "हे असं सहा महिने चाललंय. देह जेवला, देह झोपला. परवा म्हटलं, लाईट बिल भरलं का? तर म्हणे, भरणारा कोण आहे? मॅडम, यांचा अहं गेला का नाही ते मला कळत नाही, पण माझे अहो मात्र गेले."

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत.

घडलं होतं ते असं. ते दर गुरुवारी पहाटे गडावर जायचे. एका पहाटे धाब्याच्या मारुतीपाशी बसले होते. खाली उरमोडी धरणाचं पाणी उजळायला लागलं होतं. आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "बघणारं कुणी उरलंच नाही, नुसतं बघणं होतं." पंधरा मिनिटं असेल, वीस असेल. खाली उतरले तेव्हा अंग हलकं झालं होतं, वाटेत भेटेल त्याच्याबद्दल माया वाटत होती. आठवड्यानं ते ओसरलं. ते परत यावं म्हणून मग त्यांनी ‘मी’ हा शब्दच टाकून दिला.

अशा वेळी मी आधी वेगळीच चौकशी करते. झोप किती, भूक कशी, कामात चुका वाढल्यात का, आवाज ऐकू येतात का, आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटतं का, त्याची भीती वाटते का. यातल्या एक-दोन गोष्टींना जरी ‘हो’ आलं तरी मी गप्पा थांबवते आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. ‘मी नाहीच’ ही भावना आजारातही येते, आणि तिला साक्षात्कार समजून घरी बसवलेली माणसं मी पाहिली आहेत. यांचं तसं नव्हतं. झोप शांत, हिशेब चोख. आलेला अनुभव खराच होता असं मी मानलं, आजही मानते.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. माझं शिक्षण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीतलं. १९५५ मध्ये त्यांनी ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसाच्या ओळखीची केली. त्यामुळे समोरच्याचा विचार कुठे घसरतोय ते दाखवायचा मला सोसच आहे. त्यात आजोबांमुळे थोडी ज्ञानेश्वरी पाठ. मी त्यांना तेराव्या अध्यायातली ओवी ऐकवायला लागले, "नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं..." आणि पुढे अडकले. त्यांनी डोळे मिटून पुरी केली, "सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी." चालीत म्हणाले, अगदी सुरेख. अहंकार अडाण्याच्या फारसा वाटेला जात नाही, जाणत्याच्या गळ्याला झोंबतो, असा तिचा अर्थ. ती त्यांना लागू पडते हे दाखवायला गेले आणि झोंबली माझ्याच गळ्याला. समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकातला अख्खा दहावा समास पढतमूर्खाला दिलाय, तो त्या रात्री घरी जाऊन पुन्हा वाचला.

वाचता वाचता ओवीमागचा श्लोकही उघडला आणि एक गोष्ट नव्यानं दिसली. गीतेच्या तेराव्या अध्यायात अहंकार दोनदा येतो. आधी शरीर म्हणजे क्षेत्र कशाकशाचं बनलंय ती यादी आहे, पंचमहाभूतं, बुद्धी, इंद्रियं वगैरे. तिच्यात अहंकार सरळ घटक म्हणून बसलाय, पाणी-मातीच्या पंगतीला. पुढे दोन-तीन श्लोकांनी ज्ञानाची लक्षणं सुरू होतात, तिथे ‘अनहंकार’ आहे. म्हणजे तो असणारही आणि नसायलाही हवा. लोक दुसरी यादी पाठ करतात आणि पहिली विसरतात, असं मला त्या रात्री वाटलं. आता ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. हा शोध माझा, असं थोडंसं वाटतंही!

गोंधळात ‘इगो’नं भर घातली आहे. आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ ताठा. "त्याचा इगो दुखावला." पण १९२३ साली फ्रॉइडनं मनाचा हा भाग सांगितला तेव्हा जर्मनमधला घरगुती शब्द वापरला होता, आपल्याकडचा नुसता ‘मी’. इंग्रजी भाषांतरात त्याचा लॅटिन ‘इगो’ झाला. फ्रॉइडचा तो ‘मी’ घरातल्या कारभाऱ्यासारखा. आतली ओढ, बाहेरचं जग आणि मनातली शिस्त या तिघांना सांभाळत बिचारा घर चालवतो. संत ज्याला मीपण म्हणतात ते आणखी वेगळं, ‘हे सगळं मी केलं, हे सगळं माझं’ अशी गाठ. ताठा सोडावा, गाठ सैल करावी, पण कारभाऱ्यालाच घराबाहेर काढलं तर लाईट बिल कोण भरणार?

हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. बुद्धीला पटतं." आणि परत हसले. पटणं आणि उपयोग होणं यांत केवढं अंतर असतं, ते अशा वेळी कळतं.

पुढचे तीन गुरुवार मी काही शिकवायला गेले नाही. दुकानाबद्दल विचारत राहिले. उन्हाळ्यात मोटारी का जळतात? तर लाईटच्या तीन फेजांपैकी एक जातो, मोटार दोनावर ओढत राहते, तापते, जळते. शेतकरी रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला गेलेला असतो, त्याला कळतही नाही. हे सांगताना त्यांचे हात हलायचे. तार कशी ओढायची, खाचेत कागद कसा बसवायचा, वार्निश कसं सोडायचं. बोलण्यात ‘देह’ कमी झाला होता, पण ‘मी’ येत नव्हता. "तार भरली जाते. वार्निश मारलं जातं." मराठीत कर्त्याला पळून जायला किती वाटा आहेत!

सहाव्या भेटीत ते स्वतःहून म्हणाले, "अजून अहंकार शिल्लक आहे, मॅडम. टोचतो."

"कुठे टोचतो?"

दुकानात एक पोरगा होता. अकरा वर्षं हाताखाली. चैत्रात तो काम सोडून गेला. त्याच्या जाण्याचं दुःख होतं, छातीत काहीतरी रुततं. ध्यानाला बसलं की त्याचाच चेहरा. "म्हणजे माझेपणा सुटलेला नाही. जाईल हळूहळू."

"का गेला तो?"

"एक मोटार चार दिवसांत परत जळून आली. पाच एचपीची. शेतकरी तापला, ऊस वाळत होता त्याचा. पोराला नाही नाही ते बोलला."

"तुम्ही कुठे होता?"

"तिथेच. साक्षीभावानं बघणं चाललं होतं."

"मोटार कशानं जळली?"

"वार्निश आतून ओलं राहिलं होतं. आत दोनशेचा बल्ब लावून ठेवतात, रात्रभर तरी लागतो. तो लवकर काढला गेला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, गडावर जायचं होतं."

"ओलं आहे हे माहीत होतं?"

"कळलं होतं."

"कुणाला?"

ते थांबले. खिडकीबाहेर एसटीचा हॉर्न वाजला. त्यांनी हात मांडीवर उपडे ठेवले होते. उजव्या अंगठ्याच्या नखात वार्निशचा तांबूस डाग होता, कितीही घासला तरी न जाणारा. ते त्याच्याकडेच बघत होते. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. अशा वेळी बोलायची मला फार ओढ होते. समोर फळ पिकलंय असं दिसत असतं. त्या दिवशी मी टेबलाखाली स्वतःचं मनगट धरून बसले.

"मला," ते म्हणाले.

सहा भेटींत पहिल्यांदा. मग एकदम, "मला माहीत होतं. मी काढला बल्ब. पोरगं नको म्हणत होतं. शेतकरी त्याला शिव्या देत होता आणि मी हसत उभा होतो, मॅडम. हसत." आणि ते रडले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस रडतो तसे, आवाज न करता, खांदे हलवत.

मला त्या क्षणी जे उमगलं ते असं. त्यांना टोचत होता तो अहंकार नव्हताच. ती टोचणी होती, साध्या भल्या माणसाची. तिलाच ते मळ समजून ध्यानानं घासत होते. ‘मी’ म्हणायचं सोडलं की त्याबरोबर ‘माझं चुकलं’ हेही म्हणायचं सुटतं, आणि ते सुटलं की फार शांत वाटतं. त्या शांततेचा मला संशय येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवुड, जे स्वतः बौद्ध साधना करायचे, त्यांनी १९८४ मध्ये याला नाव दिलं होतं, ‘स्पिरिच्युअल बायपासिंग’. मनातलं राहिलेलं काम टाळायला अध्यात्माचा आडोसा घेणं. आपल्या भाषेत बगल देणं. देवाच्या नावानं बगल दिली की विचारणारंही कुणी नसतं, उलट लोक पाया पडतात.

मग ते माफी का मागू शकले नव्हते? इथे मात्र माझी पद्धत उपयोगी पडली, हे अभिमानानंच सांगते. त्यांच्या मनात हिशेब असा होता, चूक कबूल केली म्हणजे आपण पूर्वीचेच, तेच तापट, हलके, गडावरचं सगळं खोटं. एलिस यांचं सांगणं एवढंच होतं, कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. बल्ब लवकर काढणं वाईट. त्यावरून तुम्ही वाईट ठरत नाही, आणि गडावर बसल्यानं थोरही ठरत नाही. यावर ते बराच वेळ गप्प होते. दुसरा अर्धा भाग पचायला जास्त कठीण होता, हे उघड आहे.

तर ज्यांचा अहंकार जात नाही त्यांना मी आता काय सांगते? साधना सोडू नका. अनुभव आला तर त्याचा आनंद घ्या, पण तो परत बोलवायच्या मागे लागू नका. काल जेवलेल्या पुरणपोळीचा आज ढेकर काढायचा म्हटला तर कसं होणार? राग येतो म्हणून साधना फुकट गेली असं धरू नका, राग आल्यावर ‘माझं चुकलं’ तोंडातून निघायला पूर्वी आठवडा लागायचा, आता किती वेळ लागतो ते बघा. दुपार लागत असेल तर बरंच झालं म्हणायचं. आपली प्रगती मोजायचीच असेल तर ती घरातल्यांना मोजू द्या. त्यांचं माप फार कडक असतं, पण सहसा खरं असतं. आणि घरात ‘मी’ म्हणत जा. ‘मी दमलोय’, ‘मला वाईट वाटलं’, ‘मी विसरले’. यानं कुणाचा मोक्ष अडत नाही. यातलं ‘मी विसरले’ हे वाक्य मी सासूबाईंच्या वयाच्या बायकांना मुद्दाम सांगते, त्यांना ते सर्वांत जड जातं.

शेवटच्या भेटीत त्यांनीच मला तारेचं सांगितलं. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो निघाला तर वेढे एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होऊन मोटार जळते. "आणि थर जाड असेल तर?" मी विचारलं. "मग खाचेत तारच बसत नाही." ते आता खरंखुरं हसले. मला अशा उपमांची थोडी भीती वाटते, त्या फार पटकन पटतात. तरी ही लिहून ठेवली.

शेतकऱ्याची मोटार त्यांनी स्वतःच्या खर्चानं परत भरून दिली. पोराच्या गावी गेले. पोराच्या आईनं चहा केला. पोरगा शिरवळला एका कंपनीत लागला होता, सुट्टीला आलेला. यांनी त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर सांगितलं, काय झालं आणि कुणी केलं. तो म्हणाला, "असू द्या, मालक." परत मात्र आला नाही. गडावर ते अजून जातात. ती पहाट पुन्हा आली नाही, असं त्यांनीच सांगितलं.

महिन्याभरानं बायकोचा फोन आला.

"मॅडम, काल रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. लाईट बिलावरूनच. अर्धा तास ओरडत होते." मग जरा थांबून म्हणाली, "लई बरं वाटलं हो."