नवरा पशुवैद्य आहे. एखाद्या प्राण्याला दयामरण दिलं की दोन-दोन दिवस गप्प असतो. मी काय करू?

या पेशात हे बरंच आढळतं, पण म्हणून दुर्लक्ष करू नका. अमेरिकेत १९७९ ते २०१५ मधल्या मृत्यूंच्या अभ्यासात पशुवैद्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा पुरुषांत सुमारे २.१ पट, तर स्त्रियांत ३.५ पट दिसलं होतं.

माझ्या मते दयामरणापेक्षाही जास्त पोखरतं ते हे: उपचार शक्य असतात, पण मालकाकडे पैसे नसतात. वर 'डॉक्टर लुटतात' हेही ऐकायचं. २०२२ च्या लम्पीच्या साथीत तर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, श्वास घ्यायलाही उसंत नव्हती.

'काय झालं?' म्हणून मागे लागू नका. रात्री निवांत असताना त्या कुत्र्याचं किंवा गाईचं नाव विचारा, बोलणं आपोआप निघेल. सगळं तुमच्याशीच बोलावं असंही नाही. एखादा बॅचमेट कित्येकदा जास्त कामी येतो. रात्रीचे इमर्जन्सी फोन सहकाऱ्यासोबत वाटून घेता आले तर झोप तरी मिळेल.

टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही. तुम्ही स्वतःसुद्धा फोन करू शकता. 'जगण्यात अर्थ नाही' असं काही तोंडून आलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.