चित्रातला पोहणारा पोहतच नाही

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात मुलांना पोहायला शिकवते. वय ४२. चित्रं शाळेपासून काढते. आता पोहण्यावरच काहीतरी वेगळं करून बघायचंय. मोबाइलवर फ्रीस्टाइलचे फोटो काढून जलरंगात चित्रं केली. हातपाय बरोबर येतात, पाणी निळं येतं, पण माणूस काचेत अडकल्यासारखा दिसतो. कुठे चुकतंय?

उत्तर : फोटोत. कॅमेऱ्याने एक क्षण गोठवला, तुम्ही तो इमानेइतबारे उतरवलात. आता तो हलणार कसा? मीही यात दोन वर्षं घालवली. लहानपणी कमरेला सुका भोपळा बांधून ज्या विहिरीत शिकले, तिथल्या मुटके मारणाऱ्या पोरांची चित्रं करत होते. बहीण म्हणाली, "ही पोरं पडतायत की भिंतीला डकवलीयत?" आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. पण तिचं बरोबर होतं.

स्ट्रोक तुमच्या खांद्याला पाठ आहे, तोच वापरा. कार्ट्रिज पेपरचा रोल भिंतीवर आडवा लावा, गुडघ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत. उजवा खांदा भिंतीकडे करून उभ्या राहा, हातात कोळशाची कांडी घ्या आणि फ्रीस्टाइलचा हात मारत पुढे चालत जा. येताना डावा हात. कागदावर वळसे उमटतात. श्वासाला मान वळवलीत की दाब बदलतो. दहाबारा फेऱ्यांनी वळसे बसके होतात. तो थकवा कुठल्याच फोटोत येत नाही. अमेरिकेतल्या मॅथ्यू बार्नी या कलाकाराने १९८७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, अंगाला लवचीक पट्टे बांधून त्यांच्या ताणाविरुद्ध चित्रं काढायला सुरुवात केली होती. तो आधी फुटबॉल खेळायचा, अमेरिकन पद्धतीचा. सरावाचा रबरी पट्टा तुमच्याकडे असेलच. एक टोक कमरेला, दुसरं खिडकीच्या गजाला. (दाराच्या कडीला नको. माझी कडी हातात आली.)

आता पाणी. ते निळंच हवं असं नाही, पण निळ्याचंच बघायचं तर फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं बघा. १९५२ च्या उन्हाळ्यात, ८२ व्या वर्षी, तो फ्रान्समधल्या कान शहरातल्या पोहण्याच्या तलावावर सूर मारणारे बघायला गेला. ऊन सोसेना म्हणून परतला आणि घरच्या जेवणाच्या खोलीतच तलाव केला : भिंतींवर पांढऱ्या कागदाचा पट्टा, त्यावर निळे रंगवलेले कागद कात्रीने कापून. कुठे अंग निळं, तर कुठे अंगाची जागा पांढरी सोडून भोवतालचं पाणी निळं. शरीर कुठे संपलं नि पाणी कुठे सुरू झालं, याचा हिशेबच ठेवलेला नाही. तुमच्या चित्रात मात्र बाह्यरेषा कुंपणासारखी उभी असणार.

ती मोडायला तेच वळसे मेणबत्तीने काढा, कागद पूर्ण भिजवा आणि वरून फाउंटन पेनची शाई सोडा. मेणावर शाई बसत नाही, बाकी कुठे जाईल ते पाणी ठरवतं. कागद जाड घ्या, ३०० जीएसएमचा. पातळ कागदाची पोळी होते.

आणि खरोखर पाण्यात काढायचं असेल तर आर्किटेक्ट लोक वापरायचे ती खरखरीत प्लास्टिकची ड्रॉइंग शीट घ्या. तिच्यावर साधी पेन्सिल पाण्याखालीही उमटते. पाणबुडे अशाच पाटीवर नोंदी करतात. उथळ बाजूला, मुलं नसताना. रंग मात्र तलावात नेऊ नका, फिल्टरवाला तुम्हाला दारातच उभं करणार नाही.

सुरुवातीला रोल फुकट घालवू नका, जुनी वर्तमानपत्रं जोडून घ्या. जमलं तर एखादी गुंडाळी टपालाने पाठवा. फोटो नको.