सिएटल की पोर्टलंड: ब्लॅक नवरा आणि दोन मुलं घेऊन कुठे राहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही नाशिकच्या, नवरा ब्लॅक अमेरिकन, दोन मुलं, सध्या मुक्काम ह्यूस्टनला. नवरा नर्स आहे आणि त्याला सिएटल (वॉशिंग्टन राज्य) व पोर्टलंड (ऑरेगन राज्य) अशा दोन्ही शहरांतून नोकरीचं बोलावणं आलंय. त्याला आणि मुलांना कुठलं शहर मानवेल?

माझा नवरा मेम्फिसचा. आम्ही पाच वर्षं पोर्टलंडला काढली आणि 2018 पासून सिएटलच्या दक्षिण भागात आहोत. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकते: सिएटल, पण दक्षिणेकडचं सिएटल. तिथे घर परवडलं नाही तर त्याला लागून असलेलं रेंटन. एक शब्द मात्र आधी स्पष्ट करते. मी लिहिताना 'ब्लॅक'च म्हणते. आमच्या घरात तोच शब्द आहे, नवऱ्याला तोच आपला वाटतो, आणि 'काळा' या शब्दाला आपल्याकडे लग्न जुळवताना जो वास येतो तो मला माझ्या मुलांच्या आसपास नको आहे.

टक्केवारी बघायला गेलात तर काहीच कळणार नाही. सिएटलमध्ये ब्लॅक वस्ती सुमारे 7 टक्के, पोर्टलंडमध्ये सुमारे 6. ह्यूस्टनहून येणाऱ्याला दोन्ही शहरं सारखीच रिकामी वाटतील, आणि पहिले काही महिने तुमच्या नवऱ्याला ते जाणवेलच. फरक आकड्यात नाही. ती माणसं एकमेकांना रोज भेटतील अशी जागा शहरात उरली आहे की नाही, फरक तिथे आहे.

पोर्टलंडला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही लॉम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानात भाजी घेत होतो. समोरून एक म्हातारे ब्लॅक गृहस्थ आले, नवऱ्याकडे बघून त्यांनी मान किंचित खाली केली, यानेही केली. ओळख ना पाळख. मला वाटलं झालं एवढंच. पण त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "इथे नवीन का?" मग पंधरा मिनिटं आम्ही कांद्यांच्या ढिगाशेजारी उभे होतो. कुठलं चर्च, केस कापायला कुठे जायचं, कुठल्या रस्त्यावर पोलीस उगाच गाडी थांबवतात, सगळं त्यांनी सांगितलं. पुढे पाच वर्षं हेच बघितलं. पोर्टलंडमध्ये अनोळखी ब्लॅक माणूस दुसऱ्याला ओलांडून जात नाही, मान हलवतोच. मला ते फार आवडायचं. नवरा म्हणायचा, आवडण्यासारखं आहे, पण आपण इतके थोडे आहोत म्हणून हे होतं.

ते गृहस्थ लहानपणी व्हॅनपोर्टला राहायचे. हे नाव तुमच्या नवऱ्याला माहीत असेल-नसेल, पण पोर्टलंडला जायचं तर माहीत हवं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री कैसर या उद्योगपतीच्या जहाज कारखान्यांना कामगार हवे होते. ते दक्षिणेतून आले, त्यांत ब्लॅक कुटुंबं पुष्कळ होती, आणि पोर्टलंड शहरात त्यांना घर द्यायला कोणी तयार नव्हतं. म्हणून 1942 मध्ये कोलंबिया नदीकाठच्या सखल जमिनीवर, बांध घालून, घाईघाईने एक अख्खं गाव उभं केलं. युद्धाच्या ऐन भरात तिथे 40,000 लोक होते, ऑरेगनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. 30 मे 1948 ला नदी फुगली. सकाळी प्रशासनाने घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या: बांध मजबूत आहेत, गरज पडली तर कळवू, निघायला वेळ मिळेल, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमारास रेल्वेचा भराव फुटला आणि गाव वाहून गेलं. 15 माणसं दगावली. तोवर वस्ती कमी झाली होती, तरी सुमारे 18,500 लोक बेघर झाले, त्यांतला एक तृतीयांश ब्लॅक. तो म्हातारा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला आठवत होता तो आईने उचललेला शिवणयंत्राचा डबा. यंत्र तिथेच राहिलं, रिकामा डबा तेवढा घेऊन ते पळाले.

आज तिथे मैदानं आहेत, मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, गोल्फचं कुरण आहे, आणि लोकल गाडीच्या पिवळ्या लाइनच्या एका स्टेशनच्या नावात 'व्हॅनपोर्ट' उरलंय.

वाचलेले लोक अल्बायना भागात गेले, कारण दुसरीकडे जाता येत नव्हतं. पोर्टलंडच्या घर-दलालांच्या मंडळाने 1919 मध्येच ठराव केला होता की गोऱ्या वस्तीत ब्लॅक माणसाला घर विकायचं नाही. 1960 च्या सुमारास शहरातल्या पाच ब्लॅक रहिवाशांपैकी चौघं अल्बायनात होते. आणि मग तीच वस्ती तुकड्या-तुकड्याने पाडली. आधी मेमोरियल कोलिझियम या क्रीडागृहासाठी, मग आय-फाइव्ह महामार्गासाठी, मग इमॅन्युएल हॉस्पिटलच्या विस्तारासाठी. त्या शेवटच्या कामात सुमारे 300 घरं-दुकानं गेली, 1973 मध्ये केंद्राचा पैसा आटला, विस्तार अर्धवट राहिला आणि विल्यम्स आणि रसेल या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची जागा दशकानुदशकं गवत वाढत पडून होती. मी तिथून सायकलने रोज जायचे. आजूबाजूला कॉफीची दुकानं, नव्या इमारती, आणि मधे कुंपणातला तो पडीक तुकडा. ज्यांची घरं तिथे होती त्यांची नातवंडं आता 82 नंबरच्या रस्त्याच्याही पलीकडे, पार ग्रेशमपर्यंत पांगली आहेत. रविवारी गाडी चालवत जुन्या चर्चला येतात, प्रार्थना झाली की पुन्हा पांगतात. चर्चसमोरच्या फुटपाथवर एक वाजेपर्यंत गर्दी असते, दोन वाजता तो रस्ता पुन्हा सायकलवाल्यांचा.

पोर्टलंडने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. उत्तर आणि ईशान्य भागातून ज्यांना उठवलं गेलं, त्यांना किंवा त्यांच्या मुलां-नातवंडांना तिथल्या स्वस्त घरांत प्राधान्य द्यायचं, असं धोरण शहराने दहा-एक वर्षांपूर्वी आणलं आणि त्यातून काही कुटुंबं परत आली. 2017 मध्ये तो रसेलचा तुकडाही समाजाला परत द्यायचं ठरलं. मला याचं मोल वाटतं. पण तुमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला आज संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

या दोन शहरांमधला फरक फार जुना आहे. जॉर्ज वॉशिंग्टन बुश नावाचे ब्लॅक शेतकरी 1844 मध्ये बायको, मुलं आणि शेजारी यांच्यासह मिझुरीहून बैलगाड्यांनी ऑरेगनकडे निघाले. पोचतात तो तिथल्या हंगामी सरकारने कायदा केलेला: ब्लॅक माणसाने इथे राहायचं नाही, राहिला तर चाबकाचे फटके. फटक्यांचं कलम लवकरच बदललं, बंदी राहिली. मग बुश आणि त्यांच्या गोऱ्या सोबत्यांनी कोलंबिया ओलांडली आणि 1845 मध्ये उत्तरेला, आजच्या टमवॉटरजवळ, शेती सुरू केली, कारण तो कायदा तिथे चालत नव्हता. 1852 च्या टंचाईत त्यांनी नव्याने आलेल्यांना धान्य दिलं. तरीही स्वतःच्या जमिनीवर कायदेशीर हक्क मिळायला 1855 मध्ये अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करावा लागला. म्हणजे आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पहिल्या वसाहतींपैकी एक ऑरेगनने एका ब्लॅक कुटुंबाला दार बंद केलं म्हणून उभी राहिली. ऑरेगनच्या राज्यघटनेत तर ब्लॅक लोकांना प्रवेशबंदीचं कलम लोकांनी मतदान करून घातलं आणि ते 1926 पर्यंत होतं. आमची मोठी मुलगी पोर्टलंडच्या शाळेत हे शिकली नाही, बापाकडून शिकली.

सिएटल स्वच्छ होतं असं कृपा करून समजू नका. ब्लॅक माणसाला घर विकणार नाही अशी कलमं इथल्या खरेदीखतांतही छापलेली आहेत. 1964 मध्ये घरांच्या बाबतीतला भेदभाव थांबवायचा की नाही यावर मतदान झालं आणि शहराने दोनास एक अशा फरकाने 'नाही' म्हटलं. कायदा झाला तो 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर. सेंट्रल डिस्ट्रिक्ट, म्हणजे क्विन्सी जोन्स आणि जिमी हेंड्रिक्स जिथे शाळेत गेले तो गारफील्ड हायस्कूलचा भाग, 1970 मध्ये 70 टक्क्यांहून जास्त ब्लॅक होता. आज पाचात एकही नाही. घरांच्या किमतींनी माणसं दक्षिणेला ढकलली: रेनिअर व्हॅली, स्कायवे, रेंटन, केंट.

पण ती एका दिशेने ढकलली गेली, म्हणून एकत्र राहिली. आणि त्यांच्यात इथिओपिया, एरिट्रिया, सोमालियातून आलेली कुटुंबं मिसळली. रेनिअर अव्हेन्यूवर संध्याकाळी साडेपाचला उभं राहा. शाळेच्या बसमधून उतरणारी पोरं, हिजाबातल्या मुली, इंजेरा (इथिओपियाची आंबवलेली भाकरी) विकणारं दुकान, बार्बरच्या काचेमागे वाट बघत बसलेले बाप. इथे नवऱ्याला कोणी मान हलवत नाही. पहिल्या महिन्यात तो घरी येऊन म्हणाला, "आज कोणी मान हलवली नाही," आणि ते सांगताना तो खूष होता.

मुलीच्या केसांचं सांगते, कारण यावर तुमच्या घरातला प्रत्येक महिना अवलंबून असणार आहे. पोर्टलंडला वेण्या घालणारी बाई शोधायला मला वर्ष लागलं. ती दूर राहायची, शनिवार अख्खा जायचा. तोवर मी स्वतः यूट्यूबवर बघून प्रयत्न करायचे. माझ्या आईने मला खोबरेल तेल चोपडून घट्ट वेणी घालायला शिकवलेलं, ते हात या केसांना चालत नाहीत. मुलगी रडायची, मीही रडायचे. इथे घरापासून दहा मिनिटांवर तीन दुकानं आहेत. पाच तास लागतात. टीव्हीवर अम्हारिक, म्हणजे इथिओपियाच्या भाषेतली, मालिका चालू असते, दोन बायका दोन्ही बाजूंनी बसतात, बोटं चालतात आणि तोंडही चालतं. मुलीला त्यांनी गणितातले मार्क विचारले, कमी सांगितल्यावर रागावल्या. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. परत येताना म्हणाली, "आई, तिथे सगळ्या मला ओळखतात."

पैशाचं थोडक्यात. सिएटल महाग आहे, घरं पोर्टलंडच्या दीडपट तरी पडतात. तुमच्या-आमच्या पगारावर वॉशिंग्टनमध्ये राज्याचा आयकर नाही, पण सिएटलमध्ये विक्रीकर 10 टक्क्यांच्या वर आहे. ऑरेगनमध्ये उलट: विक्रीकर शून्य, आयकर जबर. वॉशिंग्टनने 2023 मध्ये एक चांगला कायदा केला. 1968 पूर्वी या राज्यात राहिलेल्या आणि खरेदीखतांतल्या त्या कलमांमुळे नाडलेल्या कुटुंबांच्या वारसांना पहिल्या घरासाठी बिनव्याजी मदत मिळते. त्या गटांच्या यादीत ब्लॅक कुटुंबं आहेत आणि भारतीय वंशाचीही आहेत, कारण ती कलमं आपल्यालाही लागत. नवऱ्याचे आजी-आजोबा कधी सिएटल किंवा टकोमाला, लष्करात किंवा बोइंगमध्ये होते का, हे सासूबाईंना फोन करून नक्की विचारा. मला हे उशिरा कळलं.

पोलिसांबद्दल दोन्ही शहरांवर केंद्राची देखरेख आली, सिएटलवर 2012 पासून 2025 पर्यंत, पोर्टलंडवर 2014 पासून. तुमच्या नवऱ्याने दोन्हीकडे गाडी चालवताना हात स्टिअरिंगवर दिसतील असेच ठेवावेत. यात मी कुठल्याच शहराला जास्त गुण देऊ शकत नाही. पोर्टलंडमध्ये 1988 साली मुलुगेटा सेरॉ या इथिओपियन तरुणाला वर्णद्वेषी स्किनहेड टोळक्याने रस्त्यात मारलं. 2017 मध्ये तिथल्या लोकल गाडीत दोन मुलींवर, त्यांतली एक ब्लॅक आणि एक हिजाबातली, ओरडणाऱ्या माणसाला अडवायला गेलेल्या दोघांचा त्याने जीव घेतला. तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्या गाडीने मी जात असे.

आता आपल्या लोकांचं, कारण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी मराठी शाळा आणि गणपतीबद्दल विचारलंय. मराठी कुटुंबं दोन्हीकडे आहेत, पण राहतात तिथे, जिथे सॉफ्टवेअर आहे: इकडे बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश, तिकडे हिल्सबरो, बीव्हर्टन. त्या भागांत ब्लॅक शेजारी क्वचित. मराठीसाठी तुम्ही रेडमंडला घर घेतलंत तर एकटा नवराच नाही, मुलंही एकटी पडतील. मुलगा सहा वर्षांचा असताना एका गणपतीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. तो हातात मोदकाची ताटली घेऊन माझ्याशेजारीच उभा होता, माझा पदर त्याच्या खांद्याला लागत होता. एका काकूंनी वाकून त्याला इंग्रजीत विचारलं, "तू कोणाबरोबर आलास?" त्याने मराठीत सांगितलं, "आईबरोबर." त्यांना वाईट वाटलं, त्यांनी माफीही मागितली. पण पुढच्या वर्षी तो यायला तयार नव्हता. तरीही मी नेते. लेक वॉशिंग्टन हा तलाव ओलांडून अर्धा तास गाडी चालवून मराठी शाळेला नेते, कारण ती भाषाही त्याची आहे. मात्र झोपायला आणि शाळेत जायला तो अशा ठिकाणी हवा, जिथे तो कोणाबरोबर आला हे कोणी विचारत नाही.

नोकरीला होकार देण्याआधी दोन्ही शहरांत एकेक शनिवार-रविवार काढा. मोठी पर्यटनस्थळं सोडा. सिएटलला कोलंबिया सिटी किंवा ओथेलो स्टेशनला उतरा, नवऱ्याला केस कापायला पाठवा आणि तुम्ही मुलांना घेऊन बाहेर बसा. युनियन स्ट्रीटवर लिबर्टी बँकेच्या जागेवर उभी राहिलेली इमारत बघा: 1968 मध्ये तिथे वायव्य अमेरिकेतली पहिली ब्लॅक मालकीची बँक उघडली होती, आता त्याच जागी 115 परवडणारी घरं आहेत. पोर्टलंडला रविवारी सकाळी विल्यम्स किंवा व्हँकूव्हर अव्हेन्यूवरच्या एखाद्या जुन्या चर्चला जा, आणि त्याच रस्त्यावर तीन वाजता पुन्हा चक्कर मारा. वेळ असला तर टकोमाही बघा, तिथे ब्लॅक वस्तीचं प्रमाण सिएटलपेक्षा जास्त आहे आणि हॉस्पिटलंही आहेत.

मुलांची वयं तुम्ही लिहिली नाहीत. ती कळवलीत तर दक्षिण भागातल्या शाळांबद्दल वेगळं लिहीन. प्राथमिक आणि हायस्कूलचं गणित इथे अगदी निराळं आहे, आणि हायस्कूलसाठी मी स्वतः सध्या त्याच शोधात आहे.