पांढरीच्या पोटातली घरे

मागील लेखात शिरूर तालुक्यातील इनामगावचा उल्लेख आला, तेव्हापासून प्रागैतिहासिक घरांविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. घोड नदीच्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील, वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील त्या कामात १३०हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. त्यामुळे प्रश्न जगाच्या कोणत्याही भागाविषयी असला, तरी माझे उत्तर इनामगावाकडे वळते.

प्रश्न : मातीचे घर दोन पावसाळे दुर्लक्षित राहिले तरी ढासळते. मग तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराचा आकार आपण कशाच्या आधारे सांगता? (एक अभियंता, पुणे)

घराच्या भिंती ढासळतात, जमीन राहते. आणि दख्खनमधील प्रागैतिहासिक घराचा अभ्यास हा मुख्यतः जमिनीचाच अभ्यास असतो. चोपून घट्ट केलेली आणि वर्षानुवर्षे सारवलेली जमीन उभी कापली, की सारवणाचे थर पापुद्र्यांसारखे एकावर एक बसलेले दिसतात. तिच्या कडेने खुरपीने माती अलगद खरवडत गेले, की मध्येच वीतभर रुंदीचे एखादे वर्तुळ उमटते आणि त्यातील माती भोवतालच्या मातीपेक्षा काळपट व भुसभुशीत लागते. तेथे कधी काळी मेढ रोवलेली होती. लाकूड कुजून गेले आणि त्या पोकळीत वरची माती उतरली. अशी वर्तुळे एका रेषेत मिळाली की भिंत कळते, रेषा काटकोनात वळली की कोपरा कळतो, आणि ती वळत वळत पुन्हा आरंभाशी येऊन मिळाली तर घर गोल होते हे निश्चित होते. घर जळाले असेल, तर पुरावा आणखी स्पष्ट असतो. कुडाला लिंपलेली माती आगीत भाजून टणक होते आणि तिच्या ढेकळांच्या आतल्या अंगाला कामट्यांचे व बोरूचे ठसे जसेच्या तसे राहतात. असे ढेकूळ हातात घेतले, तर काही वेळा लिंपणाऱ्याच्या बोटांचे ओरखडेही दिसतात.

प्रश्न : माणूस शेती करू लागला आणि म्हणून घरे बांधू लागला, असे आम्ही शाळेत शिकवतो. ते बरोबर आहे का? (एक शिक्षिका, संगमनेर)

हा क्रम आता तसाच शिकवू नये. इस्रायलमधील गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या, फांद्या व गवताच्या झोपड्यांच्या जमिनी सापडल्या आहेत. तेथील माणसे शिकार, मासेमारी आणि रानटी धान्य वेचणे यांवर जगत होती. त्याच प्रदेशातील ऐन मल्लाहा येथे नातुफी संस्कृतीच्या लोकांनी शेती सुरू होण्याच्या आधीच दगडी पायाची, जमिनीत अर्धी उतरलेली गोल घरे बांधली. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे येथील कोरीव स्तंभांची भव्य वर्तुळे इसवी सनापूर्वी सुमारे ९५०० या काळातील आहेत, आणि ती उभारणारे लोकही शिकारी होते. एका जागी दीर्घकाळ राहणे आधी आले, आणि त्या राहण्याने शेतीला वाट करून दिली, असे अनेक ठिकाणी दिसते. भारतीय उपखंडाचे चित्र मात्र थोडे निराळे आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इसवी सनापूर्वी सुमारे ७००० या काळात शेती, पशुपालन आणि कच्च्या विटांची अनेक खोल्यांची घरे जवळजवळ एकत्रच दिसू लागतात. त्या विटा हातांनी घडवलेल्या असून त्यांवर बोटांचे ठसे आहेत.

प्रश्न : आधी गोल झोपडी आणि मग प्रगती होऊन चौकोनी घर, असा नियम आहे का? (एक विद्यार्थी, नाशिक)

पश्चिम आशियात सर्वसाधारण क्रम असा आढळतो खरा. केंट फ्लॅनरी या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने १९७२ मध्ये त्याचे एक विचारप्रवर्तक स्पष्टीकरण मांडले. गोल घर उभारणे सोपे असते, पण त्याला नवी खोली जोडणे अवघड असते. चौकोनी घराला मात्र कुटुंब वाढेल तशी खोली लावता येते. गोल झोपड्यांच्या वस्तीत धान्याचा साठा बहुधा सामायिक, उघड्यावर सर्वांच्या नजरेत असतो. चौकोनी घरात तो भिंतीआड, त्या कुटुंबाचा स्वतःचा होतो. म्हणजे बदल केवळ बांधकामाचा नसून 'धान्य कोणाचे' या प्रश्नाच्या उत्तराचाही होता.

आता हाच विचार घेऊन इनामगावला यावे, कारण तेथे क्रम नेमका उलटा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या पूर्व जोर्वे काळात (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून या संस्कृतीला हे नाव मिळाले) तेथील घरे मोठी व आयताकार होती, साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. ती बऱ्यापैकी ओळीत असून त्यांच्यामध्ये जाण्या-येण्यास वाट सोडलेली होती. भिंती कमी उंचीच्या मातीच्या व त्यांवर कुडाच्या, आणि छप्पर गवताने शाकारलेले. घरात चूल, कणगीसाठी मातीचा गोल ओटा, चार पायांचा रांजण ठेवण्यासाठी मांडलेले चार सपाट दगड आणि चुन्याने लिंपलेली पेवे होती. पाच खोल्यांचे एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार मिळाले. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे, हा ढवळीकरांचा निष्कर्ष मला पटतो, कारण इतका साठा एका कुटुंबाच्या पोटासाठी असणे शक्य नाही. नदीचे पाणी वळवणारा पाटही याच गावाने खोदला होता.

पुढे इसवी सनापूर्वी सुमारे १००० ते ७०० या उत्तर जोर्वे काळात ही आयताकार घरे दिसेनाशी होतात आणि सुमारे तीन मीटर व्यासाच्या गोल झोपड्या येतात. त्या दोन-तीनच्या झुबक्यांनी, मध्ये अंगण ठेवून उभारलेल्या आहेत. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी लावला : पाऊस घटला, शेती आकसली, लोक जनावरांवर आणि शिकारीवर अधिक विसंबू लागले, आणि फिरत्या जीवनाला सोयीचे घर त्यांनी स्वीकारले. काही अभ्यासकांना हवामानाचे हे कारण पुरेसे वाटत नाही, आणि त्यांचा आक्षेप विचारात घ्यायलाच हवा. तरीही मूळ निरीक्षण अबाधित राहते. त्याच गावात, त्याच परंपरेतील लोकांनी चौकोनी घर बांधण्याची कला अवगत असताना गोल घर निवडले. म्हणून 'प्रगती' हा शब्द येथे वापरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : या लोकांनी मृत मुलांना घरातच पुरले, हे खरे आहे का? (एक वाचक, अहिल्यानगर)

होय. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरत असत. प्रौढांना आडवे पुरून त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. एका प्रौढ पुरुषाला मात्र चार पायांच्या मातीच्या मोठ्या कुंभात बसवून, पाय न तोडता पुरले होते. तुर्कस्तानातील चाताल ह्युयूक येथेही घरातील ओट्यांखाली दफने आहेत. ज्या जमिनीवर रोज वावरायचे, तिच्याखाली आपले मूल ठेवणाऱ्या आईबापांना ते घर सोडून जाणे किती कठीण गेले असेल, हा विचार अशा जागी काम करताना मनातून जात नाही.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर पांढरीचे टेकाड आहे. लोक तेथून धाब्यावर टाकायला आणि शेतात पसरायला माती नेतात. कधी खापरे निघतात. आम्ही काय करावे? (एक शेतकरी, श्रीरामपूर तालुका)

आपण विचारलेत, याचा मला फार आनंद झाला. आपल्याकडे शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, हाडे आणि ढासळलेल्या भिंतींची माती साचून तेथील जमिनीचा रंग पालटतो. प्रवरेच्या काठी, आपल्याच तालुक्यातील दायमाबाद हे असेच टेकाड होते. टेकाडातून एक घमेले माती गेली, तर तिच्याबरोबर वर सांगितलेली मेढींची वर्तुळेही कायमची जातात, कारण ती खापरासारखी उचलून ठेवता येत नाहीत.

स्वतः खणून पाहू नये. माती नेणे थांबवण्याचा ठराव ग्रामसभेत करावा आणि जागेची माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवावी. माती काढून जो कडा उघडा पडला आहे, तो सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा नीट पाहावा. पिवळट किंवा काळ्या मातीची आडवी, सरळ रेघ दिसली तर ती बहुधा घराची जमीन असते, आणि तिच्यावरचा राखेचा करडा पट्टा चुलीचा असू शकतो. कड्याला हात न लावता छायाचित्र काढावे, आणि काढताना शेजारी खुरपे ठेवावे, म्हणजे थरांच्या जाडीचा अंदाज येतो.