टोकियोच्या पहिल्या मीटिंगला जाताना

पहिल्यांदाच जपानला निघालाय, तर आधी व्हिजिटिंग कार्डांचं बघा. भरपूर न्या, एका बाजूला जपानीत छापून घ्या. तिथे कार्डाला 'मेइशी' म्हणतात. उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलटी दिसतील असं द्यायचं. मिळालेलं कार्ड नीट वाचा आणि मीटिंग संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवा. पहिल्या खेपेला मी एका कार्डावर पेनाने नंबर लिहून घेतला. समोरचे गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर त्या पेनावरून हलेना. अजून आठवलं की वाईट वाटतं.

समोरच्याच्या आडनावापुढे आपल्या 'जी'सारखं आदराचं 'सान' लावा, स्वतःच्या नावाला मात्र कधीच नाही. 'विचार करून कळवतो' हा बऱ्याचदा सौम्य नकार असतो, मागे लागू नका.

शाकाहारी असाल तर आधीच मेल करून कळवा. मिसो सूप म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप. त्याच्या 'दाशी'त, म्हणजे मूळ रश्शात, सहसा सुक्या माशाचा अर्क असतो, आणि ऐनवेळी वाटी बाजूला सारली की यजमान फार ओशाळतात. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका, मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा रोवतात. भेट म्हणून मिठाई न्या, पण 4 नग नकोत. चारचा एक उच्चार 'शी', आणि मृत्यूलाही 'शी'च म्हणतात.