बॉयलर बदलण्याआधी टाकीच्या कपाटात हात घाला

ताई, तुम्ही लिहिलंय: जुलै महिना, हीटिंग बंद, टायमरवर फक्त आंघोळीचं पाणी चालू, तरी तासाभरात बेडरूममधले सगळे रेडिएटर चटका बसण्याइतके तापतात. मार्चपर्यंत असं होत नव्हतं, आणि प्लंबर म्हणतो, बॉयलर बदला. थांबा जरा. बॉयलर पाणी तापवतो. ते टाकीत गेलं की रेडिएटरमध्ये, हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही.

वाट ठरवतो टाकीच्या कपाटातला व्हॉल्व्ह. इथे ब्रिटनमध्ये टाकीवाल्या घरांत साधारण दोन पद्धती दिसतात: एस-प्लॅनमध्ये पाण्याला एक आणि हीटिंगला एक असे निदान दोन व्हॉल्व्ह, वाय-प्लॅनमध्ये एकच तीन तोंडांचा. तुम्ही 'तीन पाइप आलेला डबा' लिहिलंय, म्हणजे तुमचा वाय-प्लॅन. त्याच्या तोंडांवर बहुधा एबी, ए, बी अशी अक्षरं असतात. एबीतून बॉयलरचं पाणी येतं, ए रेडिएटरकडे जातं, बी टाकीकडे. वीज नसली की आतली स्प्रिंग ए बंद करून बी उघडं ठेवते. हीटिंग मागणाऱ्या पांढऱ्या वायरीत वीज आली की तो मधोमध येतो आणि पाणी दोन्हीकडे जातं.

उद्या सकाळी सगळे पाइप गार असताना हीटिंग बंद ठेवून फक्त पाणी चालू करा. पाचेक मिनिटांनी बी पाइप हात लावून बघा, मग ए. ए पाइप व्हॉल्व्हला लागून कोमट लागणारच, तांबं आहे ते. वीतभर पुढे हात न्या. तिथे गार असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष. मग रेडिएटर परतीच्या पाइपातून उलटे तापतात का बघा. पण ती जोडणीतली चूक असते, पाइपकाम बदललं तेव्हापासून त्रास देते. तुमचा त्रास नवा आहे, त्यामुळे माझी पैज ए पाइप तापण्यावर.

तो तापला तर भिंतीवरच्या फ्यूजवाल्या स्विचवरून सगळी वीज मिनिटभर बंद करा. स्प्रिंग व्हॉल्व्हला मागे ओढते तेव्हा बारीक घरघर ऐकू येते. मग वीज लावून पुन्हा फक्त पाणी चालू करा. व्हॉल्व्ह आपणहून मधोमध गेला तर पांढऱ्या वायरीत वीज येतेय. दोष खोलीतल्या थर्मोस्टॅटचा किंवा टायमरचा. जागचा हललाच नाही आणि ए तापतच राहिला, तर तो अडकलाय.

अडकलाय म्हणजे नेमकं काय, इथे मी स्वतः फसलोय. आमच्याकडे हेच झालं तेव्हा मी वरचं मोटरचं डोकं बदललं आणि फुशारकीने चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी रेडिएटर पुन्हा गरम! डोकं काढून खालची पितळी दांडी बोटांनी फिरवून बघायला हवी होती. ती अलगद फिरायला हवी. माझी पक्कड लावूनही कुरकुरत होती, आत काळा गाळ बसला होता. दांडी घट्ट असेल तर पाणी उपसून पूर्ण व्हॉल्व्हच बदलावा लागतो. आणि तेव्हाच गाळ धुऊन गंजरोधक द्रव घालायला सांगा, नाहीतर नवाही तसाच बसेल.

एक गोष्ट मात्र जिवावरची. डोकं काढताना नुसतं टायमर बंद करून भागत नाही. वाय-प्लॅनमध्ये गरम पाणी बंद असतं नेमकं तेव्हा व्हॉल्व्हच्या करड्या वायरीत २३० व्होल्ट असतात. फ्यूजच काढून खिशात ठेवा. बॉयलरचं झाकण तर उघडूच नका, ते गॅस सेफ (इथली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्याचं काम.

तोवर रेडिएटरच्या डोक्यांवरचे आकडे शून्यावर किंवा बर्फाच्या खुणेवर आणा. दुसऱ्या टोकाच्या टोपीखालचा व्हॉल्व्ह फिरवू नका, नाहीतर हिवाळ्यात कुठला रेडिएटर किती उघडा होता ते शोधत बसाल.