परतीच्या बोटीचं तेवढं बदला

तुमच्या ग्रीसच्या बेटांवरच्या सहलीचा आराखडा छान आहे. फक्त कूफोनिसी या छोट्या बेटावरून सकाळची बोट आणि त्याच रात्री अथेन्सहून मुंबईचं विमान, हे जमवू नका. आदली रात्र अथेन्सलाच काढा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि बोटी बंद! नाक्सोस बेटाच्या धक्क्यावर मी असाच बॅगेवर बसून अख्खा दिवस काढलाय. वेगवान छोट्या बोटी आधी रद्द होतात. मोठी फेरी रमतगमत जाते, पण स्वस्त पडते आणि डेकवर वारा खात उभं राहता येतं. छोट्या बेटांवर बोट जेमतेम काही मिनिटं थांबते, म्हणून धक्का दिसताच सामानासकट खाली गाड्यांच्या मजल्यावर या. अथेन्सच्या पिरेअस बंदरात तुमच्या बोटीचं गेट मात्र आधीच बघून ठेवा, बंदर अवाढव्य आहे.